बिऱ्हाड आणि जित्राब : पालीच्या रस्त्यावरून दिसणारा एका स्थलांतराचा इतिहास

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, बिंदुसरा धरणाच्या अंगाला पाली हे गाव आहे. गाव मागे पडले की मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि रस्ता बालाघाटाच्या पठारावर चढतो. दसरा-दिवाळी उलटली की या रस्त्याचे रूप पालटते. कपिलधारला मन्मथस्वामींच्या कार्तिकी यात्रेसाठी निघालेल्या दिंड्या याच सुमारास या परिसरातून जातात आणि ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडेही याच सुमारास घाट चढू लागतात. दिंडीला लोक हात जोडतात. बिऱ्हाडांकडे मात्र कोणी मान वळवून पाहत नाही, इतके ते दृश्य आपल्या सरावाचे झाले आहे. ट्रकच्या हौद्यात ज्वारीची पोती, भगुली, वळकट्या, ताडपत्री. त्यांवर बसलेली माणसे. दोरीने बांधलेली एखादी शेळी. आणि मागच्या गाडीत एकमेकांना खेटून उभे असलेले बैल.

आम्ही या परिसरात मराठीचे अध्यापन करणारी काही मंडळी. दिवाळीची सुटी संपून महाविद्यालय उघडते तेव्हा वर्गातील काही बाके रिकामी असतात, आणि ती का रिकामी आहेत हे आम्हांला विचारावे लागत नाही. ऊसतोड कामगारांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मजुरीचे दर, मुकादमाची उचल, संप, मुलांची शाळा, स्त्रियांचे आरोग्य हे सर्व प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु निघण्यापूर्वीच्या महिना-दीड महिन्यात त्या घरात काय घडते, कोणाला न्यायचे आणि कोणाला ठेवायचे हे कसे ठरते, आणि त्या निर्णयात मुक्या जनावराचे स्थान काय असते, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. आमच्या मते या स्थलांतराचा इतिहास जनावराच्या बाजूने वाचला तर तो अधिक खरा दिसतो. तसे वाचण्याचा हा एक प्रयत्न.

आरंभी दोन शब्दांचा विचार करू. मराठीतील ‘बिऱ्हाड’ या शब्दाला दोन अंगे आहेत. राहण्याची तात्पुरती जागा हा त्याचा एक अर्थ, आणि त्या जागेत मांडलेला संसार हा दुसरा. म्हणूनच बिऱ्हाड करता येते तसे ते हलवताही येते, आणि विंचवाचे तर पाठीवरच असते. दुसरा शब्द ‘जित्राब’. प्रमाणभाषेतील ‘पाळीव प्राणी’ हा प्रयोग पाठ्यपुस्तकातला. खेड्यातील माणूस बैल, गाय, शेळी या सर्वांना मिळून जित्राब म्हणतो. लाडाचे जनावर आणि कामाचे जनावर अशी वाटणी या शब्दात नाही. शहरातील नोकरदाराची बदली होते तेव्हा त्याच्या कुत्र्याचे काय करायचे हा प्रश्न सामानाच्या यादीत शेवटी येतो. रेल्वेच्या पहिल्या वर्गाचा कूपे मिळाला तर कुत्रा मालकासोबत जातो, नाही तर गार्डाच्या डब्यातील पेटीत. ऊसतोडीला निघणाऱ्या घरात यादीची सुरुवातच जनावरापासून होते. का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

तांडा

बैलांच्या बळावर अवघा संसार दूर नेण्याची रीत या मुलखाला नवी नाही. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमधील धान्य आणि मीठ मोठ्या प्रमाणावर लमाणांच्या तांड्यांनी वाहिले. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोण्या, बरोबर बायकामुले, गाई आणि राखणीचे धिप्पाड कुत्रे, असा हा चालता गाव असे. १८०३ साली असईच्या लढाईत परिणत झालेल्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसद बऱ्याच अंशी या तांड्यांवर अवलंबून होती. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘ब्रिंजारी’ असा येतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्गांनी हा व्यापार मोडून काढला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या जीवनावरच संशयाचा शिक्का मारला. बीड शहरापर्यंत प्रवासी रेल्वे पोहोचायला मात्र २०२५ साल उजाडावे लागले. ज्या वाहनाने येथील लोकांची बैलावरची वाहतूक मोडली, ते वाहन त्यांच्या दारी येण्यास इतका काळ गेला.

तांड्याच्या जीवनातील एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तांडा निघे तेव्हा सारेच निघत, कारण मागे ठेवण्याजोगे घरच नसे. बैल हे भांडवल, बैल हेच वाहन, आणि त्याच्या सोबतीने चालणे हेच घर. ऊसतोडीला जाणाऱ्याचे तसे नाही. त्याला गाव आहे, गावात दोन खणांचे का होईना घर आहे, बहुधा एखादा कोरडवाहू तुकडाही आहे. म्हणून दरवर्षी त्याला निवड करावी लागते. तयारी या शब्दाचा खरा अर्थ येथे सुरू होतो.

चाऱ्याच्या मागे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हरिगाव, माळीनगर, वालचंदनगर येथे खासगी साखर कारखाने उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि पुढील दोन-अडीच दशकांत पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांगच लागली. ऊस तोडला की तो लवकरात लवकर गाळावा लागतो. उशीर झाला की साखरेचा उतारा घसरतो. म्हणून कारखान्याला ठरावीक काळासाठी, शेताच्या बांधावरच मुक्काम करणारे मनुष्यबळ हवे असते. बालाघाटाचा कोरडा पट्टा, म्हणजे बीड जिल्हा आणि त्याला लागून असलेले पाथर्डी, जामखेडसारखे तालुके, या मनुष्यबळाचे मोठे आगर बनले.

या प्रवाहाला १९७२ च्या दुष्काळाने जोर आला असे सर्वजण सांगतात, आणि ते खरेच आहे. परंतु त्या दुष्काळाकडे जनावराच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडून, बंधारे घालून माणसांना कशीबशी भाकर मिळाली. बैलाला मात्र खडी फोडता येत नाही. ज्या घराने बैल विकला त्याची पुढच्या पावसाळ्यातली पेरणीही बुडाली. उसाच्या मुलखात याच्या नेमके उलट होते. तोडलेल्या उसाचा शेंड्याकडील हिरवा भाग, ज्याला आपण वाढे म्हणतो, तो तेथे रोज मिळे. बैल गाडी ओढून मजुरी मिळवी, आणि त्याचा चारा त्याला कामाच्या जागीच सापडे. माणूस पोटासाठी परमुलखी गेला हे आपण म्हणतोच. परंतु बैलवाल्या घरांपुरते तरी असे म्हणावेसे वाटते की, ती माणसे जितकी स्वतःच्या पोटासाठी गेली तितकीच दावणीच्या पोटासाठीही गेली.

ही दृष्टी ओढूनताणून आणलेली नाही. २०१३ आणि २०१९ च्या टंचाईत बीड जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या, तेव्हा घरातील कोणीतरी जनावरांबरोबर छावणीत मुक्कामाला गेले. अंथरूण, कंदील, चहाचे सामान घेऊन माणसे बैलांच्या सोबतीला राहिली. जनावर हलले की माणूस हलतो, हा या भागाचा जुना नियम आहे.

पोळा ते दिवाळी

तयारी सुरू होते ती पोळ्यानंतर. पोळ्याला बैलाला न्हाऊमाखू घालून पुरणपोळी खाऊ घालायची, शिंगे रंगवायची, आणि त्याच आठवड्यात त्याचे दात, खूर व खांदे नव्या नजरेने तपासायचे. यंदा हा बैल हंगाम काढील का? उत्तर नकारार्थी असेल तर नेकनूरचा किंवा हिरापूरचा बाजार गाठायचा. नवा बैल घ्यायचा तर पैसा लागतो, आणि पैसा मुकादमाकडून येतो. हीच ती उचल.

येथे हिशेबाचे एकक पाहण्यासारखे आहे. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. डोक्यावर मोळी वाहून ट्रक भरणाऱ्या टोळीत हेच मोजमाप चालते. गाडी सेंटरवर मात्र माणसांच्या जोडीला बैलांची जोडी मिळते आणि मग एकक होते ‘गाडी’. गाडीवाल्याची उचल कोयत्याच्या उचलीहून मोठी, कारण तीत बैलाची किंमत धरलेली असते. आता या व्यवहाराचा अर्थ लावून पाहावा. बैल उचलीच्या पैशातून आला, उचल फेडायची तर हंगाम करावा लागणार, आणि बैल वाटेत दगावला तरी उचल शिल्लक राहणार. आपण बाहेरून पाहतो तेव्हा कुटुंब बैलाला घेऊन चाललेले दिसते. हिशेबाच्या वहीत बैलच कुटुंबाला घेऊन चाललेला असतो.

मग बैलाची मशागत सुरू होते. खुरांना पत्री मारणे, नवी वेसण, कासरे, जुवाच्या जागी खांद्याला तेल. लाळ्या-खुरकताची आणि घटसर्पाची लस. जाणती माणसे सोबत थोडा कडबा घेतात, कारण नुसत्या वाढ्यावर बैल ठेवला तर तो खंगतो. वाढ्यातील ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या अंगातील कॅल्शियम कमी होते, म्हणून पशुवैद्य चुन्याची निवळी द्यायला आणि कोरडी वैरण मिसळायला सांगतात. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ही गोष्ट वडीलधाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होती; ते फक्त ‘वाढ्यानं बैल पोकळ होतो’ एवढेच म्हणत.

इतर जित्राबांचा निर्णय दिवाळीच्या आसपास होतो. दुभती शेळी बरोबर जाते; लहान मूल असेल तर जातेच. कोंबड्या कधी डालग्यात घालून नेतात, कधी बाजारात विकून त्या पैशात तेलमीठ भरतात. म्हातारी गाय शेजाऱ्याच्या किंवा भावकीच्या दावणीला जाते आणि तिच्या वैरणीची बोली ठरते. कुत्र्याविषयी सहसा कोणी काही ठरवत नाही. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात तसे ते येते. बैलगाडीच्या काळात ते गाडीच्या सावलीत, दोन चाकांच्या मधून चालत असे. प्रवरेपर्यंतचा पल्ला मुक्काम करीत पाच-सहा दिवसांचा होता आणि बैलांना तेवढा वेळ लागतच होता. ट्रकच्या काळात ते हौद्यात चढवले तर येते, नाही तर घाटाच्या पायथ्यापर्यंत धावून परत फिरते.

एका वर्षी आम्ही पदवीच्या वर्गाला घरातील एखाद्या प्रसंगाची नुसती यादी लिहून आणायला सांगितले होते. वर्णन नको, अभिप्राय नको. एका विद्यार्थिनीने घर निघते त्या दिवसाची यादी आणली. तीत बैल त्यांच्या नावांसह होते, शेळी होती, तिचे करडू होते, पिठाचा डबा, तवा, दोन कोयते, धाकटा भाऊ होता. कुत्रे ‘येईल’ या सदरात होते. ‘राहणार’ या सदरात आजी, कुलूप आणि स्वतः ती, अशी तीन नावे होती. त्या वहीवर गुण देताना आमच्यापैकी कोणाचेच पेन चालेना.

कोपीवर

कारखान्याच्या तळावर किंवा फडाशेजारी बांबू आणि चटया लावून कोपी उभी राहते. तीत ताठ उभे राहता येत नाही. कोपीच्या दाराशी बैल, बैलांच्या पलीकडे चूल, चुलीशेजारी शेळी. पहाटे तीन-चारला माणसे फडात जातात तेव्हा लहान मुले कोपीत झोपलेली असतात आणि त्यांच्या राखणीला बहुधा ते न ठरवता आलेले कुत्रेच असते.

त्या राखणीला मोल होते. जुन्नर, अहिल्यानगर, नाशिक या भागांतील उसात बिबट्यांनी आपले घर केले. ऊस बारा महिने उभा असतो, त्यात लपायला जागा असते, पाणी असते आणि भोवतालच्या वस्त्यांवर कुत्री-शेळ्या असतात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले फार वाढले, पुढे माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारण केंद्र उभे राहिले. दार नसलेल्या कोपीत राहणाऱ्यांची मुले अशा हल्ल्यांत सापडली. बिबट्याचे पहिले भक्ष्य अनेकदा कुत्रे असते. ते भुंकते म्हणून माणसे जागी होतात, आणि भुंकते म्हणूनच ते सापडते. कोपीवरच्या कुत्र्याला आपण पाळीव म्हणावे की पहारेकरी, हा प्रश्न शब्दकोशाने सुटणारा नाही.

राहणार

आता त्या ‘राहणार’ सदराकडे वळू. बैलाला मागे ठेवता येत नाही, कारण तो गेल्याखेरीज गाडी नाही. शेळीला ठेवता येत नाही, कारण तिला कोण पाळणार? मुलीला मात्र ठेवता येते. शाळा आहे, आजी आहे, अलीकडे हंगामी वसतिगृहेही आहेत. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांनी गावातच राहून शिकावे यावर भर वाढला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आली. या सगळ्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. आमचे काही विद्यार्थी अशाच सोयींमुळे आमच्या वर्गापर्यंत पोहोचले. परंतु ज्या घरात जनावर सोबत जाते आणि मूल मागे राहते, त्या घराच्या मायेविषयी घाईने बोलू नये. मूल मागे राहते ते त्याचे मोल कमी म्हणून नव्हे. त्याला या चक्रातून सोडवायचे असते म्हणून. बैल सोबत जातो तो अधिक लाडका म्हणून नव्हे. त्याला सोडवणे कोणाच्याच हाती नसते म्हणून.

कायद्याची भाषाही येथे वाचनीय आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार गुरे नेण्यापूर्वी पशुवैद्यकाचा दाखला लागतो, साध्या मालवाहू गाडीत सहाहून अधिक गुरे नेता येत नाहीत, त्यांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत असे सांगितले आहे आणि पायांखाली काथ्याची चटई किंवा फळ्या असे न घसरणारे काही असावे लागते. नियम चांगले आहेत, ते पाळले जावेत. त्याच ताफ्यात पुढच्या ट्रकमध्ये सामानावर बसलेल्या माणसांसाठी मात्र असे काही नाही. मालवाहू गाडीतून माणसे नेणे मुळात नियमबाह्यच. म्हणून किती माणसे, कशी बसवावीत, पायांखाली काय असावे, हे लिहिण्याची वेळच येत नाही. ऊसतोड कामगारांसाठीच्या अपघात विमा योजनेत माणसाबरोबर झोपडी आणि बैलजोडी यांचाही विचार झाला, तेव्हा शासनाने नकळत बिऱ्हाडाची जुनी व्याख्याच मान्य केली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे हा समाज ‘कोयता बंद’ ठेवून उभा राहिला त्या लढ्यांत दर टनावर मागावा लागे. बिऱ्हाडाचा दर असा नसतोच.

रिकामी दावण

हे चित्रही आता पालटते आहे. ट्रॅक्टरने बैलगाडीची जागा झपाट्याने घेतली. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली, त्यानंतर थकलेला बैल विकून नव्यात भर घालण्याचा जुना मार्ग अरुंद झाला. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले, ने-आणीवर निर्बंध आले आणि लसीकरणाच्या नोंदीला निघण्याच्या तयारीत पहिले स्थान मिळाले. आता ऊस तोडणारी यंत्रे वाढत आहेत. यंत्राला चारा लागत नाही आणि यंत्र वाढे मागत नाही.

आपल्या साहित्यात या प्रवासाच्या खुणा आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) शेवट दुष्काळाने होतो, मेंढरे जगवण्यासाठी वाडी उठते आणि शाळामास्तर रिकाम्या गावात उरतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) गाढवांच्या पाठीवर हलणारा कैकाड्यांचा संसार आहे. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये (१९३९) ओक्लाहोमातून निघालेले जोड कुटुंब काय घ्यायचे, काय टाकायचे हे अंगणात ठरवते, त्यांच्याबरोबर निघालेले कुत्रे प्रवासाच्या आरंभीच मोटारीखाली सापडते. या तिन्ही कृती आपण वर्गात वातावरण, शोकात्म भाव, विद्रोह अशा संज्ञांनी शिकवतो. निघण्यापूर्वीच्या त्या याद्या आपण क्वचितच शिकवतो. वास्तविक घराचे सर्व अग्रक्रम, सर्व कर्ज आणि सारी माया तेथेच लिहिलेली असते.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचे एक सांगणे आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत आपल्या किंवा शेजारच्या घरातील निघण्याची यादी उतरवून ठेवावी. बैलाचे नाव, कोणत्या बाजारातून आला, उचल किती, शेळी कोणाकडे ठेवली, कुत्रे गेले की राहिले, एवढेच. बैलगाडी सेंटर पाहिलेली पिढी अजून आहे आणि तिच्या स्मरणात बैलांची नावे आहेत. कारखान्यांच्या दफ्तरांत टन सापडतील, मुकादमाच्या वहीत रकमा सापडतील. बैलांची नावे त्या दोन्हींत नाहीत.

त्या विद्यार्थिनीचे शिक्षण पुढे पूर्ण झाले. तिच्या घराने बैल ठेवणे सोडले आहे. आईवडील आता ट्रॅक्टरच्या टोळीत जातात. यादी तिने आमच्याकडून परत मागून नेली. त्यातल्या बैलांची नावे धाकट्या भावाला आठवत नाहीत, असे ती म्हणत होती.